काचेतला बांध

हिंगोलीच्या मासळी बाजारात सिक्लिड मागितला तर कुणी ओळख देणार नाही. चिलापी म्हणा, लगेच पाटी पुढे सरकेल. दोन्ही एकाच कुळातले. काचेच्या टाकीत हौसेनं ठेवले जाणारे, रंगीबेरंगी, महागडे आणि एकमेकांच्या शेपट्या कुरतडणारे जे मासे या पुस्तिकेचा विषय आहेत, त्यांचा एक साधा राखाडी भाऊबंद आपण वर्षानुवर्षं कालवणात खात आलो आहोत. पूर्णेवरचं येलदरी, त्याच्या खालचं सिद्धेश्वर, पैनगंगेवरचं इसापूर असे मोठे जलाशय या जिल्ह्याच्या अंगाला लागून आहेत. मराठवाड्यातल्या तलावांशी ज्याचं पोट बांधलेलं आहे त्याला चिलापीची खोड ठाऊक असते: ती एकदा पाण्यात शिरली की हुसकता येत नाही.

मोझांबिक चिलापी मूळची आफ्रिकेची. भारतात ती 1952 साली आणली गेली, लोकांना स्वस्तात मासळी मिळावी म्हणून. काही वर्षांतच तिनं तळ्यांमध्ये अशी काही पिलावळ वाढवली की 1959 मध्ये तिचा प्रसार थांबवायचं ठरलं. पण तोवर फार उशीर झाला होता. रोहू-कटला पुराच्या पाण्यात अंडी सोडतात आणि वाटेला लागतात. अंड्यांचं पुढं काय होतं ते नदी बघून घेते. चिलापीचा नर उथळ काठाला तोंडानं माती उकरून हातभर रुंद खळगा करतो आणि त्याच्या आसपास दुसऱ्या नराला फिरकू देत नाही. मादी अंडी तोंडात घेते, ती तोंडातच उबतात, आणि पिलं बाहेर पडल्यावरही धोका दिसला की पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. ज्याला मागे ठेवण्यासारखं काही नाही त्याला राखण्यासारखंही काही नसतं. सिक्लिड राखतात, म्हणून भांडतात. ही पुस्तिका त्या राखणीबद्दल आहे.

अशी पुस्तिका मराठीत का हवी, तेही इथल्या वाचकासाठी? कारण टाकी आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहे. कापडाच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकासमोर, नव्या घराच्या हॉलमध्ये ती दिसते. मासे मोठ्या शहरातून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं येतात. माशाबरोबर माहिती मात्र येत नाही. दुकानात उभा असलेला मुलगा एवढंच सांगतो, "दादा, हे मिक्स सिक्लिड आहे, सगळे एकत्र राहतात." दोन इंचांचे असताना ते राहतातही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत टाकीत एकच मासा उरलेला असतो आणि तो फार देखणा दिसत असतो.

मग प्रश्न विचारला जातो तो ठरलेला: अमुक मासा तमुक माशाबरोबर चालेल का? या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो प्रश्नच चुकीच्या जागी बोट ठेवतो. शेतीच्या गावात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. बांधावरून डोकी फुटतात ती दोन्ही शेतकरी मुळात भांडकुदळ असतात म्हणून नव्हे. बांध कुठं आहे हे ठरलेलं नसतं म्हणून. एकदा खुणेचे दगड पक्के झाले की तीच माणसं एकमेकांच्या विहिरीवर पाणी पितात. सिक्लिडचंही तसंच. शेजारी ओळखीचा झाला, त्याची हद्द आणि आपली हद्द ठरली, की दोन नर दिवसभरात एकमेकांना दोन-चार वेळा कल्ले फुगवून दाखवतात आणि आपापल्या कामाला लागतात. भांडण पेटतं ते हद्द नवी असताना, हद्द अपुरी असताना, किंवा भावकीत. म्हणजे दिसायला सारख्या, रंगाला सारख्या, खाण्याला सारख्या माशांत. निळ्या पट्ट्यांच्या नराला पिवळ्या माशाचं फारसं वावडं नसतं. दुसऱ्या निळ्या पट्टेवाल्यावर मात्र तो तुटून पडतो, मग तो वेगळ्या जातीचा असला तरी.

हे जवळून पाहायचं असेल तर कन्व्हिक्टची जोडी पाहावी. मध्य अमेरिकेतला हा मासा, अंगावर कैद्याच्या कपड्यांसारखे काळे पट्टे म्हणून हे नाव. नर जेमतेम पाच इंचांचा. एरवी बऱ्यापैकी समजूतदार. पण अंडी घातली की जोडी अर्धी टाकी ताब्यात घेते. दुप्पट आकाराचा मासा जवळ आला तरी नर आधी त्याच्याकडे आडवा वळतो, सगळे पर ताणून आपण किती मोठे ते दाखवतो. मग शेपटीचा फटका मारून पाण्याचा धक्का देतो. तरी समोरचा हलला नाही तर तोंडाला तोंड भिडवून ढकलाढकली. तिथंही बहुतेक वेळा कुणी मरत नाही. एकजण पट्टे फिके करतो, पर मिटतो, निघून जातो आणि भांडण संपतं. सरोवरात ते असं संपतं. दोन फुटांच्या टाकीत निघून जायला जागाच नसते. हरलेला मासा वरच्या कोपऱ्यात फिल्टरच्या नळीमागे तिरपा उभा राहतो, रंग काळवंडलेला, पर अंगाला चिकटलेले, आणि जिंकणाऱ्याला तो अजून आपल्याच हद्दीत दिसत असतो. म्हणून तो पुन्हा येतो, आणि मग पुन्हा येतच राहतो. टाकीतले मृत्यू आक्रमकतेचे कमी आणि पळवाट नसण्याचे जास्त असतात. वरच्या कोपऱ्यातला तो मासा दिसला की त्याच दिवशी त्याला बाहेर काढायचं. "बघू दोन दिवस" म्हणणाऱ्याला तिसऱ्या दिवशी बघायला काही उरत नाही.

भारताचे स्वतःचे सिक्लिड आहेत हे टाकी ठेवणाऱ्यांतल्याही अनेकांना माहीत नसतं. तिघंच आहेत. कोकण-गोव्यात जिला काळुंदर म्हणतात आणि केरळात जी करिमीन म्हणून मिरवते ती एट्रोप्लस सुराटेन्सिस. कर्नाटकच्या किनारी नद्यांतला कॅनरेन्सिस. आणि बोटभर लांबीचा पिवळा मॅक्युलेटस. या पिवळ्याची गंमत अशी की त्याची पिलं आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून खातात. मोठ्या काळुंदरच्या अंगावरचे परजीवी हाच मासा टिपून साफ करतो, हेही अभ्यासकांनी 1972 मध्ये नोंदवून ठेवलं आहे. आणि तोच काळुंदरची अंडीही खातो. सेवा आणि चोरी एकाच शेजाऱ्याची. "हे दोन मासे एकमेकांचे मित्र की शत्रू" असं विचारणाऱ्यानं हे एक उदाहरण लक्षात ठेवलं तरी पुरे.

याच पिवळ्या माशाचा उल्लेख एका जगप्रसिद्ध पुस्तकात येतो. ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कॉनरॅड लॉरेन्झ यांनी 1963 मध्ये आक्रमकतेवर पुस्तक लिहिलं. दहा वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं. सिक्लिडची जोडी एकटीच ठेवली तर नर शेवटी मादीवरच उलटतो, असं त्यांनी पाहिलं. शेजारी काचेपलीकडे दुसरी जोडी ठेवली की दोन्ही नर काचेवर राग काढतात आणि घरात शांतता नांदते. त्यातला मला सगळ्यात आवडणारा तपशील पुढं आहे: मधल्या काचेवर हळूहळू शेवाळ चढतं, पलीकडचा शेजारी दिसेनासा होतो आणि नवरा-बायकोत पुन्हा कुरबूर सुरू होते. काच पुसली की कुरबूर थांबते. आक्रमकता आत साचत जाते आणि तिला बाहेर काढावंच लागतं, हा लॉरेन्झ यांचा सिद्धान्त पुढच्या संशोधकांनी जसाच्या तसा मान्य केलेला नाही, आणि माणसांना तो लावताना तर फारच जपून लावावा. पण काचेवरच्या शेवाळाची गोष्ट टाकी ठेवणाऱ्याच्या रोजच्या कामाची आहे. जोडीच्या टाकीत थोडे चपळ, बाहेरचे मासे सोडायचे ते यासाठीच.

दुसरा एक प्रयोग 2007 चा, स्टॅनफर्ड विद्यापीठातला, "नेचर"मध्ये छापून आलेला. टांगानिका सरोवराच्या परिसरातल्या एका सिक्लिडच्या नराला काचेआडून इतर नरांच्या झुंजी नुसत्या पाहायला लावल्या. पहिल्यानं दुसऱ्याला हरवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, तिसऱ्यानं चौथ्याला, चौथ्यानं पाचव्याला. मग त्याच्यासमोर दुसरा आणि चौथा ठेवले. या दोघांची झुंज त्यानं कधीच पाहिली नव्हती. तरीही तो चौथ्याच्या, म्हणजे दुबळ्याच्या बाजूला जाऊन राहिला. टाकीत नवा मासा सोडताना हे आठवावं. आपण पिशवी उघडतो तेव्हा आतले सगळे बघत असतात. पहिल्या पाच मिनिटांत नवा मासा कुणाकडून हरला, हे गावभर झालेलं असतं. म्हणून आधी दगड हलवून सगळ्यांच्या हद्दी मोडायच्या, दिवा घालवायचा, आणि एकटा मासा न सोडता तीन-चार एकदम सोडायचे. एक टाकी भरताना शक्यतो सगळे लहान मासे एकाच वेळी आणावेत.

"मिक्स सिक्लिड" नावाच्या त्या पेटीत काय असतं ते आता पाहू. बहुतेक वेळा मलावी सरोवरातले म्बुना, म्हणजे खडकांत राहणारे, शेवाळ खरवडून खाणारे छोटे मासे. त्यात निळे पट्टेदार केनयी असतात. लहानपणी सगळेच निळे, म्हणून गिऱ्हाईक निळे पाच निवडतं. वर्षभरात त्यातले नर पिवळे पडतात आणि मादी निळी राहते. म्हणजे आपण पाच निळे आणले आणि घरात दोन पिवळे दादा उभे राहिले. ऑराटसचं उलटं. लहानपणी पिवळ्यावर काळ्या रेघा, मादीही तशीच, आणि नर मोठा झाला की काळा. म्बुनांतले सगळ्यात तापट म्हणून ज्यांची नावं घेतली जातात त्यांत ही दोन्ही येतात, आणि स्वस्त म्हणून सगळ्यात जास्त विकलीही जातात. रंगावरून मासा निवडणं म्हणजे त्याच्या लहानपणावरून त्याचा संसार ठरवणं. दुसऱ्या प्रकरणात प्रत्येक जातीचं लहानपण आणि मोठेपण शेजारी शेजारी दिलं आहे ते यासाठी.

आता मुख्य वादाकडे येतो. म्बुनांच्या भांडणावर जगभर एकच तोडगा सांगितला जातो: गर्दी करा. टाकी दाटीवाटीनं भरली की कुणालाच हद्द राखता येत नाही, राग दहा जणांत वाटला जातो आणि एकटा कुणी मरत नाही. तोडगा खरा आहे. तो ज्या गावात शोधला गेला तिथं वीज जात नाही, हे मात्र कुणी सांगत नाही.

हिंगोलीत मे महिन्यात बाहेर 42-43 अंश असतात आणि खोलीतल्या टाकीचं पाणी सहज 32-33 अंशांवर जातं. पाण्यात प्राणवायू मावतो तो तापमानाच्या उलट: 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम, 35 अंशांना 7 च्याही खाली. दुसरीकडे, उष्ण पाण्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो. त्यात आपलं बोअरचं पाणी. दख्खनच्या काळ्या खडकातून आलेलं, जड, क्षारांचं, पीएच 8 च्या आसपास. मलावीच्या माशांना हे पाणी मानवतं. त्यांच्या सरोवराचा पीएच 7.7 ते 8.6 च्या दरम्यान असतो. पण अमोनियाच्या बाबतीत तेच पाणी वैरी होतं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून जो अमोनिया सुटतो त्याचा विषारी भाग 25 अंश तापमान आणि पीएच 7 असताना अर्धा-पाऊण टक्का असतो. पीएच 8 ला तो 5 टक्क्यांच्या वर जातो, 8.5 ला 15 टक्क्यांच्या घरात. तापमान वाढलं की आणखी वर. दाटीच्या टाकीत हा अमोनिया पचवण्याचं सगळं काम फिल्टरमधले जिवाणू करत असतात. वीज चार तास गेली की पंप थांबतो, बंद डब्याच्या फिल्टरमध्ये प्राणवायू संपतो, जिवाणू मरू लागतात. वीज येते तेव्हा तोच फिल्टर सडकं पाणी टाकीत ओततो. भांडणातून वाचवलेले चाळीस मासे मग एका दुपारीत पाठीवर तरंगतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडे गर्दीचा तोडगा वापरू नये. शांतता माशांच्या संख्येतून विकत घेण्याऐवजी जागेतून, दगडांतून आणि जातीच्या निवडीतून मिळवावी. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घ्यावी, ती साधारण 255 लिटरची होते. दोन फुटी टाकी 57 लिटरची. तीत भांडकुदळ सिक्लिड मिसळायचा विचारही करू नये. चार फुटीत बारा-पंधरा म्बुना ठेवावेत, आणि तेही मवाळ घराण्यातले: दुकानात इलेक्ट्रिक यलो म्हणून मिळणारा लॅबिडोक्रोमिस, तपकिरी-जांभळा रस्टी, उघड्या पाण्यात फिरणारा एसाय. तिघांचे रंग वेगळे, अंगलट वेगळी. एका नरामागे तीन माद्या असाव्यात. परदेशी पुस्तकं वाचून आलेल्याला ही टाकी रिकामी वाटेल. वाटू द्यावी.

दगडांची आपल्याकडे ददात नाही. शेताच्या कडेला पडलेला काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही. फक्त फवारणीच्या रानातला घेऊ नये आणि घासून उकळत्या पाण्यानं धुवावा. दगड थेट तळाच्या काचेवर, खाली पातळ फोम घालून बसवावेत आणि वाळू नंतर ओतावी. आधी वाळू आणि वर दगड ठेवले तर मासे खालून उकरतात, रास कोसळते आणि काच तडकते. वाळू चार मुठी पुरते, हे एका अर्थी बरंच. नदीच्या वाळूचे आजचे भाव पाहता मासे स्वस्त पडतात. रचना अशी हवी की टाकीच्या एका टोकाला असलेल्या माशाला दुसरं टोक दिसू नये. नजर अडली की अर्धं भांडण अडतं.

वीज जाणार हे धरूनच टाकी लावायची. हवेच्या पंपावर चालणारे स्पंज फिल्टर, आणि तो पंप इन्व्हर्टरवर. पंख्याआधी पंप, असं मी म्हणेन. घरातली माणसं ऐकतीलच असं नाही. हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा 10-12 अंशांपर्यंत उतरतो तेव्हा हीटर लागतो, एरवी तो कपाटात. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं म्हणजे साठ-पासष्ट लिटर. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथं हा प्रश्न टाळून चालणार नाही. टाकीतलं जुनं पाणी झाडांना उत्तम. मोरीत ओतायचं असेल तर टाकी ठेवू नये.

अमेरिका खंडांतल्या मोठ्या सिक्लिडबद्दल थोडक्यात. ऑस्कर फूटभर होतो. जॅक डेम्पसीला नाव मिळालं ते 1919 ते 1926 या काळात जगज्जेता असलेल्या मुष्टियोद्ध्याचं, आणि ते उगाच मिळालेलं नाही. फ्लॉवरहॉर्न तर निसर्गात कुठंच नाही. मध्य अमेरिकेतल्या जातींचा संकर करून 1990 च्या दशकात मलेशियात तो तयार झाला. कपाळावरचा फुगा आणि अंगावरच्या काळ्या खुणा शुभ मानल्या गेल्या आणि वास्तूच्या नावानं तो आपल्या हॉलमध्ये येऊन बसला. घराची भरभराट करतो की नाही ते मला सांगता येणार नाही. टाकीतल्या सोबत्याची नक्कीच करत नाही. फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवायचा. या पुस्तिकेत त्याला कुणाबरोबर ठेवावं याचा तक्ता शोधू नये, तो नाही.

हळदीचा मुलूख आहे, म्हणून फाटक्या शेपटीच्या माशाच्या टाकीत चिमूटभर हळद टाकायचा मोह होईल. आवरावा. पूड विरघळत नाही, स्पंजात बसते आणि पाणी आणखी बिघडवते. जखमी मासा वेगळ्या बादलीत, स्वच्छ पाण्यात, हवेचा दगड सोडून ठेवला आणि थोडं साधं मीठ घातलं की बहुतेक जखमा आपोआप भरतात. औषधांचं प्रकरण मुद्दाम लहान ठेवलं आहे.

एका बाबतीत मात्र सवलत नाही. मासा आवरेनासा झाला की तो कयाधू नदीत किंवा सिद्धेश्वरच्या पाण्यात सोडून येणं, हे अनेकांना दयेचं काम वाटतं. चिलापीची गोष्ट सुरुवातीलाच सांगितली. टाकीतली घाण साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा आज उजनी धरणातल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. कन्व्हिक्ट तर उष्ण पाण्यात कुठंही पिलं काढेल. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्यावा, दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा. काहीच जमलं नाही तर मारावा. हे वाक्य कुणाला कठोर वाटलं तर मी ते मागे घेणार नाही.

पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. ज्याच्या टाकीत आत्ता मारामारी चालू आहे त्यानं थेट चौथं प्रकरण उघडावं. ज्याची टाकी अजून यायची आहे त्यानं पाण्याच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. नवी टाकी भरल्यावर फिल्टर मुरायला महिना-दीड महिना लागतो आणि तोवर त्यात मासे सोडायचे नसतात. तेवढ्या वेळात पहिली तीन प्रकरणं सावकाश वाचून होतील.